अमेरिकेचा उपाध्यक्ष ठरतो तो छाननीत

महोदय,

अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला जोडीदार जाहीर केला, की आपली वृत्तपत्रे दोनच गोष्टींवर भर देतात: कोणते राज्य पदरात पडणार आणि भारताशी नाते काय. २०२० मध्ये कमला हॅरिस यांचे तमिळनाडूतील आजोळ गाजले, २०२४ मध्ये जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आंध्रातील मूळ. मराठवाड्यात पॅनेल उभे करताना भावकी, वाडी-तांडा आणि समाज यांची जुळवाजुळव सर्वांनी पाहिलेली असते. त्यामुळे तिकडेही तेच चालत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अनुभव मात्र वेगळा आहे.

१९६० मध्ये केनेडींना लिंडन जॉन्सन यांच्यामुळे टेक्सास मिळाले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पुढे १९८८ मध्ये त्याच टेक्सासचे बेंट्सन उपाध्यक्षपदाचे उमेदवार असूनही राज्य गेले. २००४ मध्ये एडवर्ड्स यांचे नॉर्थ कॅरोलिना आणि २०१२ मध्ये रायन यांचे विस्कॉन्सिनही गेले. राज्याचा खरा अडसर घटनेतला आहे. बाराव्या दुरुस्तीनुसार एखाद्या राज्याच्या निर्वाचकांना (अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना प्रत्यक्ष मत देणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधींना) अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही आपल्याच राज्याचे असल्यास दोघांनाही मत देता येत नाही. म्हणून २००० मध्ये टेक्सासमध्ये राहणाऱ्या डिक चेनी यांनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश-चेनी जोडीला निर्वाचकांची मते मिळाली २७१, बहुमतासाठी हवी होती २७०, आणि टेक्सासची होती ३२. नोंदणी हलवली नसती तर चेनींचे बहुमत धोक्यात आले असते.

सर्वाधिक श्रम जातात ते छाननीत. उमेदवार विश्वासातल्या वकिलाकडे हे काम सोपवतो. पहिली यादी लांबलचक असते आणि ती उघड नोंदींवरून चाळली जाते. उरलेल्या मोजक्या नावांना संमती विचारून प्रश्नावली पाठवतात. आयकर विवरणपत्रे, वैद्यकीय कागद, न्यायालयीन प्रकरणे, जुनी भाषणे व लेख, जोडीदाराचा व्यवसाय, सगळे मागवले जाते. २००८ मध्ये मिट रॉम्नी यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेन यांच्या चमूला २३ वर्षांची विवरणपत्रे दिली होती. त्यानंतर समोरासमोर भेट होते आणि शेवटी पक्षाच्या अधिवेशनात मंजुरी मिळते. ही मंजुरी आता उपचारापुरती उरली आहे. १९५६ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार स्टीव्हन्सन यांनी निवड अधिवेशनातील प्रतिनिधींवर सोपवली तेव्हा मात्र केफॉव्हर आणि केनेडी यांच्यात खरी लढत झाली होती.

घाई झाली की चुकते. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी टॉमस ईगल्टन यांचे नाव ठरवले. नैराश्यासाठी ते रुग्णालयात राहिले होते आणि त्यांना विजेचे उपचार दिले गेले होते, हे नंतर बाहेर आले. १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. आजार लपवावा लागावा हे वाईटच, पण आधी नीट विचारपूस झाली असती तर त्या माणसाची अशी जाहीर परवड टळली असती. १९७६ मध्ये कार्टर यांनी यातून धडा घेतला. त्यांनी वेळ काढून इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या, वॉल्टर माँडेल यांना निवडले आणि पुढे त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचे कार्यालय असलेल्या भागात, कार्यालय दिले. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो यांना पतीच्या आर्थिक व्यवहारांनी अडचणीत आणले. २००८ मध्ये सारा पेलिन यांची छाननी जेमतेम काही दिवसांत उरकली गेली.

एवढी काळजी का, तर हा माणूस थेट अध्यक्ष होऊ शकतो. आतापर्यंत ९ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले: ८ अध्यक्षांच्या मृत्यूमुळे, तर जेराल्ड फोर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. ट्रूमन उपाध्यक्षपदावर फक्त ८२ दिवस होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचा तपशील त्यांना अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर कळला. आपल्याकडे तसे नाही. २००३ मध्ये लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले, तेव्हा उपमुख्यमंत्री छगन भुजबळ आपोआप त्या खुर्चीवर बसले नाहीत. सुशीलकुमार शिंदे आले. आपले उपराष्ट्रपतीही राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास फक्त काळजीवाहू काम पाहतात आणि सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावी लागते.

२०२८ मध्ये नवी नावे येतील, तेव्हा आपल्या वृत्तपत्राने छाननी कोणी केली, किती दिवस चालली आणि त्या व्यक्तीने आधी कोणती पदे सांभाळली, एवढे तरी आवर्जून छापावे, ही विनंती.

— राज्यशास्त्राचे एक अध्यापक, परभणी