दात काढण्याआधी हाडाच्या गोळीचं सांगा

संपादक महोदय,
आईची दाढ काढली आणि दोन महिने उलटले तरी जखम भरेना, आत पिवळट हाड उघडं दिसायचं, तेव्हा कुठे डेंटिस्टनी विचारलं की हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही घेता का. घेत होती ना, आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेट, ६ वर्षं! आम्हाला वाटलं हाडाच्या गोळीचा दाताशी काय संबंध. तर ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना थोपवतात, पण त्यामुळे जुनं हाड जाऊन नवं भरायचं कामही मंदावतं, आणि दात काढल्यावर जबड्याला नेमकं तेच लागतं. ८ आठवड्यांहून जास्त हाड उघडं राहिलं की त्याला जबड्याचं ऑस्टिओनेक्रोसिस, म्हणजे जबड्याचं हाड मरणं, म्हणतात, २००३ पासून माहीत असलेली गोष्ट आहे ही. ऑस्टिओपोरोसिसवाल्यांना, म्हणजे ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्यांना, क्वचितच होतं, कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब या हाडाच्याच औषधांचे मोठे डोस घेणाऱ्यांना जास्त. म्हणून घाबरून औषध मनाने बंद करू नका, डेनोसुमॅबचं इंजेक्शन चुकलं तर मणके मोडू शकतात. पण औषध लिहून देताना ‘आधी दात दाखवून या’ एवढं सांगायला डॉक्टरांचं काय जातं?
– एक वाचक