चिंता घालवायला घेतलेली दारू पहाटे चिंताच घेऊन येते

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दारूच्या दुष्परिणामांविषयी अधूनमधून लेख येतात आणि ते मी आवर्जून वाचतो. यकृताचे काय होते हे त्यांत सविस्तर असते, मनाचे काय होते याला मात्र जेमतेम दोन ओळी मिळतात. वास्तविक बहुतेक माणसे दारूकडे वळतात ती मनासाठीच. दिवसभराचे टेन्शन उतरावे, चार माणसांत मोकळे बोलता यावे, झोप लागावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी स्वतः नऊ वर्षे रोज रात्री घेत होतो आणि गेली चार वर्षे माझी दारू पूर्ण बंद आहे, म्हणून या राहून गेलेल्या बाजूविषयी लिहावेसे वाटले.

पहिल्या पेगनंतर खांदे सैल पडतात, जीभ सुटते, मनावरचे ओझे हलके होते, हे सारे खरे आहे आणि ते नाकारून कोणाही पिणाऱ्याला काही पटवता येणार नाही. आपल्या मेंदूत पेशींना शांत करणारे ‘गॅबा’ आणि त्यांना उत्तेजित करणारे ‘ग्लुटामेट’ अशी दोन रसायने एकमेकांचा तोल राखत असतात. दारू पहिल्याचा परिणाम वाढवते, दुसऱ्याचा दाबते आणि सुखाची जाणीव देणारे डोपामिनही काही काळ वाढवते. पण मेंदू हा तोल सांभाळणारा अवयव आहे. रोज रात्री बाहेरून शांतता येते आहे असे दिसले, की तो स्वतःकडची शांतता कमी करतो आणि उत्तेजना वाढवून ठेवतो. मग दारू उतरते तेव्हा मागे उरते ती ही वाढवून ठेवलेली उत्तेजनाच.

मला ती पहाटे तीन वाजता भेटत असे. रात्री दहाच्या सुमारास चार पेग संपवून मी आडवा होई, गाढ झोप लागे आणि तीनच्या आसपास खाडकन जाग येई. छाती धडधडत असे, उशी घामाने ओली झालेली असे, तोंडाला कोरड पडलेली असे. आणि आदल्या दिवशी कार्यालयात कोणाशी बोललेले एखादे साधे वाक्य डोक्यात पुन्हा पुन्हा फिरून आपल्या हातून फार मोठी चूक झाली आहे असे वाटत राही. कारण काहीच नसे, भीती मात्र खरी असे. पुढे डॉक्टरांनी समजावल्यावर तीनचा हिशेब कळला. तीस मिलिलिटरचा एक पेग जिरवायला यकृताला साधारण तास-दीड तास लागतो, आणि काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणजे चार पेगांची दारू रक्तातून जवळपास संपत येई ती नेमकी त्याच वेळी.

झोपेविषयीचा समजही असाच फसवा आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पूर्वार्धातली स्वप्नांची झोप कमी होते आणि उत्तरार्धात झोप तुटत राहते. लघवीवर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक दबल्यामुळे शरीरातले पाणी कमी होते ते वेगळेच. सकाळी उठल्यावर येणारी चिडचिड आणि उदासी यांत या साऱ्याचा वाटा असतो, पण घरच्यांना ती आपला स्वभाव वाटते आणि काही दिवसांनी आपल्यालाही तसेच वाटू लागते. ‘मला नैराश्य आहे, म्हणून मी घेतो’ असे मी डॉक्टरांना ठामपणे सांगितले होते. त्यांनी वाद घातला नाही. दारू थांबवून महिनाभराने पुन्हा बोलू, एवढेच ते म्हणाले. चौथ्या आठवड्यात एके दिवशी मी सकाळी सहापर्यंत सलग झोपलो होतो, हे माझ्या पत्नीने मला सांगितले. प्रत्येकाचे नैराश्य असे ओसरत नाही, काहींचा आजार स्वतंत्र असतो आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. पण दारू चालू असेपर्यंत दोन्हींतला फरक ओळखणे अवघड असते.

शरीराच्या बाकीच्या हानीविषयी आपण छापत असताच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवले आहे आणि तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे तसेच स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध आहे, हे मात्र पुन्हा पुन्हा छापायला हवे.

शेवटी एक विनंती. दारूवरचे लेख अनेकदा ‘आजच सोडा’ या आवाहनाने संपतात आणि ते वाचून घरची माणसे चांगल्या हेतूने बाटल्या मोरीत रिकाम्या करतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. हाताचा कंप थांबवायला सकाळी उतारा म्हणून पुन्हा दारूच घेणारा माणूस निव्वळ निर्लज्ज नसतो, त्याचे शरीर या टप्प्याला पोहोचलेले असते. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी, त्यासाठी औषधे उपलब्ध आहेत, हे दोन ओळींत का होईना, आपल्या अशा प्रत्येक लेखाखाली ठळक अक्षरांत छापावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक