लाल पट्टी कोणत्या माईकला?

सांगली, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. माई गेल्या त्याला वर्ष होत आलं आणि मी बडोद्याला आलो नाही. फोन केला तोही दोन मिनिटं, आणि मध्येच तो तुटला तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर चारदा पत्र लिहायला घेतलं. आज लिहून होतंय, पण निमित्त ऐकून तू कपाळाला हात लावशील. मी गाडीत स्पीकर बसवतोय.

तब्येतीचं म्हणशील तर माझी शुगर आहे तिथेच, सुनंदाचे गुडघे आहेत तिथेच. झालं.

आता ऐक. कोजागरीच्या रात्रीच्या अण्णांच्या गाण्याची कॅसेट सापडली. तीच, 1988 ची, तुमच्या घरच्या चौकातली, जी तू नेलीस असं मी आणि मी हरवली असं तू इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. माळ्यावरच्या शिलाई मशीनच्या खोक्यात होती. म्हणजे मीच हरवली होती. हे एवढं एकच वाक्य तू वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवशील, माहीत आहे. फिरवून पाहिली तर आतल्या पितळी पट्टीवरचा नमद्याचा तुकडा गळून पडलेला. पाच स्क्रू काढले, दोन्ही चकत्या अलगद उचलून भाच्याच्या जुन्या पाढ्यांच्या कॅसेटच्या खोक्यात बसवल्या. टेप बाहेर येईल म्हणून श्वास धरून बसलो होतो. मग डेकच्या हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी ती मातकट खरखर एकदम मोकळी झाली. अण्णांचा षड्ज लागला आणि सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. भाच्यानं ते लॅपटॉपवर घेऊन पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं.

ते ऐकायला गाडीत बसलो. 2019 च्या पुरात गावभागात पाणी दाराच्या मध्यापर्यंत चढलं होतं, तेव्हाच दारांतले कागदी स्पीकर कुजले. नंतर एकानं स्वस्तातले घालून दिले आणि एका बाजूचं प्लस-मायनस उलटं जोडलं. दोन वर्षं बास कुठे गेला म्हणून मी डॅशबोर्डमधल्या हेड युनिटला शिव्या घालत होतो. शेवटी तुझीच युक्ती वापरली, दीड व्होल्टचा सेल तारांना टेकवला. डाव्या दारातल्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, उजव्यातला आत गेला. मंडळाच्या बॉक्सवर तू हे दाखवलंस तेव्हा मी तुला दीडशहाणा म्हणालो होतो. शब्द मागे घेत नाही.

तर ओळखीच्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराची स्वतःची गाडी म्हणजे चाकांवरचं थिएटर. तो म्हणाला, काका, पेन ड्राइव्ह द्या आणि ड्रायव्हर सीटवर बसा. सुऱ्या, मी बसलो आणि समोर डॅशबोर्डवर तुमचा चौक मांडलेला. अण्णा बरोबर मधोमध, स्टिअरिंगच्या थोडे पलीकडे. पेटी उजवीकडे. तानपुरा डावीकडे, आणि जोडीला माईंच्या बांगड्या. पहिल्या तारेवरून शेवटच्या तारेवर बोट जाताना त्या मनगटावर घसरतात, तो किण् असा बारीक आवाज. घरच्या डेकवर तो मला कधी ऐकू आला नव्हता. मी काही बोललो नाही. पोरगा म्हणाला, काका, इमेजिंग छान आलंय ना. म्हणजे कोण कुठे बसलंय ते कानाला दिसणं.

तिथून पुढं माझं डोकं फिरलं.

साधी कंपोनंट जोडी घालावी, म्हणजे दारात खालच्या आणि मधल्या सुरांचा साडेसहा इंची वूफर, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर बारीक आवाजाचा ट्वीटर, मध्ये आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर, हे मला कळत होतं. पण तसं केलं की गळा फाटतो. खर्ज आणि मध्य दारातून, स्वराची धार खांबावरून. अण्णा निम्मे माझ्या गुडघ्याशी, निम्मे आरशापाशी. पोरगा म्हणतो थ्री-वे करा, म्हणजे आवाजाचे तीन वाटे. साधारण 300 पासून 3,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे माणसाचा गळा बराचसा जिथे राहतो तेवढा पट्टा, एका तीन इंची स्पीकरला द्यायचा आणि तो डोळ्यांच्या उंचीला खांबावर बसवायचा. दारातल्यानं फक्त खालचं सांभाळायचं, ट्वीटरनं फक्त बांगड्या. 80 हर्ट्झच्या खालचं सीटखालच्या सबवूफरला. मग सात चॅनल, त्यांना सांभाळायला डीएसपी, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि वेळ जुळवणारी डबी, बॅटरीपासून वेगळी जाड तार आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. तार अस्सल तांब्याची. पोरानं दाखवली ती ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पोरगा ओशाळला आणि आतून दुसरं बंडल घेऊन आला. दारातल्या स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या फळीची, रिंग घालणार होता, तीही नको म्हटलं. आपल्याकडच्या पावसात दाराच्या आतून पाणी वाहतं, दोन पावसाळ्यांत तिची पुरी होईल. आता प्लॅस्टिकची घालणार आहे. दारांच्या आतल्या मोकळ्या खिडक्या शीट लावून बुजवायच्या, नाहीतर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखं.

कोटेशन 87,000. सुनंदानं शांतपणे विचारलं, गाडी विकली तर एवढे येतील का?

पैसे ही भानगड नाही पण. भानगड वेगळीच आहे. त्या दिवशी सुनंदा डावीकडे बसली होती. मी उतरल्यावर म्हणालो, कसं वाटलं? ती म्हणाली, सगळे माझ्या दाराला चिकटून बसलेत, आणि अण्णा कुठे आहेत ते कळत नाही.

तिचं बरोबर होतं. घरी येऊन तिच्याच शिवणाच्या टेपनं मोजलं. माझ्या नाकापासून उजवा खांब 78 सेंटीमीटर, डावा 132. फरक 54. आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटीमीटर चालतो, म्हणजे उजवा मला दीड मिलिसेकंद आधी गाठतो, आणि कान आधी आलेल्यावरच विश्वास ठेवतो. म्हणून डीएसपी उजव्याला तेवढा रोखून धरतो, दोघं बरोबर येतात, अण्णा मध्ये बसतात. पण सुनंदाला डावा आधीच जवळ, त्यात उजवा आणखी उशिरा. तिच्यासाठी तीन मिलिसेकंदांचा घोळ. एकाला चौक, दुसऱ्याला दार. दोन मेमऱ्या ठेवता येतात, एक तिची एक माझी, बटण दाबलं की झालं. ती म्हणाली, म्हणजे एका वेळी एकालाच. आता ह्यावर काय बोलणार? लग्नाला 34 वर्षं झाली.

दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगला हे एवढं जाणवलं नसतं. तुझ्यामुळे झालंय. दोन्ही माईक एकत्र बांध म्हणून मी ओरडत होतो आणि तू सहा फुटांवर लावलेस, एक स्टँडला, एक लोखंडी खुर्चीच्या पाठीला सुतळीनं. सहा फूट म्हणजे पाच मिलिसेकंद. त्या टेपमधली सगळी जागा वेळेतच भरलेली आहे, जरा इकडं तिकडं झालं की चौक विस्कटतो. पण चौक आहे तोही त्यामुळेच. मी एकत्र बांधले असते तर कदाचित इतका मोठा झाला नसता. कदाचित म्हणालोय, लक्षात ठेव.

तुझं नवं घर झालं म्हणे, दत्तूकडून कळलं. वास्तुशांतीला बोलावलं नाहीस, फिट्टंफाट. नातवाचं नाव काय ठेवलं ते कळव. लेकीची बदली थांबली का?

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शनिवारी सुनंदाला मी गॅरेजमध्येच तिच्या सीटच्या मापानं सगळं समजावत होतो, तर ती म्हणाली, माई डावीकडे असल्या तर मला डावीकडचंच असू दे, मी त्यांच्याजवळ बसेन. पुरणाला पहिल्यांदा हात लावायला तिला माईंनीच शिकवलं, तुला माहीत आहे. मी म्हणालो ठीक. आणि रात्री अडीचला जागा झालो. कारण मला माई तुळशीच्या बाजूच्या खांबाला टेकलेल्या आठवतात, आणि अण्णांसमोर माईकपाशी बसलो की ती तुळस आपल्या उजव्या हाताला होती. पेटी जिन्याकडे. गाडीत बरोबर उलटं ऐकू येतंय.

आता आठव. दोन्ही केबल काळ्या होत्या आणि एकीला तू लाल चिकटपट्टी गुंडाळली होतीस. मी म्हणालो लाल म्हणजे उजवा, सगळ्या डेकवर लाल पिन उजवीच असते. तेव्हा तुझ्या खिशाला तो विळा-हातोड्याचा बिल्ला होता आणि तू म्हणालास, आमच्यात लाल म्हणजे डावा. सगळे हसले, अण्णासुद्धा. टेपच्या सुरुवातीला ते हसणं आहे. पण तू नुसता विनोद केलास, की खरंच लाल पिन डाव्या भोकात घातलीस?

डीएसपीत डावं-उजवं बदलायला अर्धा मिनिट लागतो, तो प्रश्न नाही. पुढच्या शनिवारी पोरगा ट्यूनिंगला बसणार आहे आणि त्याआधी मला माई कुठे होत्या ते कळलं पाहिजे. फोन केलास तरी चालेल. ह्या वेळी तुटला तर मी परत लावीन.

तुझा,
बंड्या

ता. क. दुसऱ्या बाजूला, चीजेच्या मध्येच, कुणीतरी अगदी माईकजवळ दूध भुरकतंय. सुनंदा म्हणते दत्तू. मला खात्री आहे तू.