गुडघे टेकून बघ

नौपाडा, ठाणे
१२ जुलै

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

"आई, इथे काहीच उगवत नाही," असं तू लडाखहून फोनवर म्हणालास, ते चार दिवस मनात सलतंय. इतकी वर्षं वर्गातल्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तुला नीट बघायला शिकवायचं राहूनच गेलं, असं वाटलं.

काल येऊरला जाऊन आले. सागाचं रोप माझ्या गुडघ्याएवढं, पण त्याचं एक पान हातावर ठेवलं तर कोपरापर्यंत आलं. इथल्या पावसात एवढं पान पसरणं त्याला परवडतं. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. तेवढा तर आपल्याकडे जुलैत एका दिवसात पडून जातो. मोसमी ढग हिमालयाच्या अलीकडच्या उतारावरच रिते होतात. त्यात हवा विरळ, म्हणून दिवसा ऊन भाजतं आणि सूर्य कलला की ऊब क्षणात उडून जाते. अशा जागी मान वर काढणारं झाड वाऱ्याने वाळेल, नाहीतर गोठेल.

म्हणून तिथे झाडं जमिनीला बिलगून राहतात. तुमच्या कॅम्पच्या वरच्या बाजूला, ५००० मीटरच्या आसपास, दगडांत हिरव्या उशा दिसतील. लांबून शेवाळलेला धोंडाच वाटेल. गुडघे टेकून बघ. ती थायलॅकोस्पर्मम नावाची वनस्पती. बोट दाबलंस तरी आत जात नाही, इतक्या घट्ट फांद्या आणि त्यांच्या टोकांना बारीकशी पानं. वारा आत शिरत नाही, त्यामुळे ओल आणि ऊब आतच राहते. जुनी पानं गळून पडत नाहीत, तिथेच कुजून त्याच झाडाचं खत होतात. मूळ मात्र खोल गेलेलं असतं. वाढ इतकी सावकाश, की हातभर रुंदीची उशी तुझ्या आजीहून म्हातारी असू शकेल.

नुब्रा खोऱ्यात हुंडरला गेलास तर वाळूत सी बकथॉर्नची काटेरी झुडपं बघ. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात, म्हणून नुसत्या वाळूतही ती तगतात.

आता मुख्य सांगायचं ते. रस्त्याचं काम तुझ्या हाताखाली आहे. ट्रक वळवायला ड्रायव्हर कुठेही गाडी घालतात, असं तूच सांगितलंस. चाकाखाली आलेली ती उशी तुझ्या हयातीत पुन्हा तेवढी होणार नाही. येण्याजाण्याची एकच वाट ठरव, दोन्ही बाजूंना दगड मांडून घे. तिथली माणसं चुलीला बुर्त्सेची झुडपं वापरतात, ती त्यांची गरज आहे. तुमच्या कॅम्पला रॉकेल मिळतं, तेव्हा शेकोटीसाठी कुणाला उपटू देऊ नकोस.

मेतकूट आणि कोकमं पार्सलने पाठवली आहेत. पाणी पीत राहा, आणि एखादी उशी सापडली की हात शेजारी ठेवून फोटो काढ, म्हणजे मला तिचा आकार कळेल.

तुझी
आई