सर्व्हिसचा कागद नसलेली बीएमडब्ल्यू: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. बीएमडब्ल्यू ५२० डी, २०१२ चं मॉडेल, दिल्ली पासिंग, मीटरवर ७८ हजार किलोमीटर, आणि सर्व्हिसचा एकही कागद नाही. गाडी देखणी आहे. घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण इसार देण्याआधी हे पत्र सावकाश वाचा. आई, तूही वाच, कारण पैसे तुमच्या दोघांच्या ठेवीतले आहेत.

आधी भावाचं. नवी असताना चाळीस लाखांच्या घरातली गाडी आज आठ लाखांना मिळते, पण तिचे सुटे भाग चाळीस लाखांच्या गाडीच्याच दराने येतात. त्यात कागद नाहीत. तेव्हा ज्या कामाचा पुरावा नाही ते काम झालेलंच नाही, असं धरून हिशेब करायचा. 'सगळं वेळेवर केलंय' या तोंडी शब्दावर एक रुपयाही वाढवून देऊ नका. दिल्लीची गाडी स्वस्त असण्याचं कारणही सरळ आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून अशा गाड्या दुसऱ्या राज्यांत विकल्या जातात. म्हणजे विकणारा तुमच्यावर मेहेरबानी करत नाहीये.

वही हरवली म्हणून नोंदी हरवत नाहीत. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे चॅसी नंबरवरून जुनी कामं आणि तेव्हाचं रनिंग दिसतं. ते बहुधा मालकालाच सांगतात, म्हणून विकणाऱ्याला त्यांच्याकडे लेखी मागणी करायला लावा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा. दोन्ही चाव्या मागा. बीएमडब्ल्यूच्या चावीत गाडीचं किलोमीटर साठत असतं आणि वर्कशॉपमध्ये ते वाचता येतं. दुसरी चावी नसेल तर नवीचा खर्च भावातून वजा करा.

मीटर मागे फिरवलंय का, हे गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर कळतं. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणं सोपं, पण रनिंगची नोंद इतर कंट्रोल युनिट्समध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमध्येही राहते, आणि दोषाची नोंद असलेल्या जुन्या एरर कोडसोबत तो दोष कितव्या किलोमीटरला आला तेही लिहिलेलं असतं. मीटर ७८ हजार दाखवत असताना एखादा कोड १ लाख ४२ हजारांचा निघाला, तर तिथेच नमस्कार करून परत यायचं. त्यासाठी बीएमडब्ल्यूचं खास सॉफ्टवेअर असलेला मेकॅनिक हवा. साध्या स्कॅनरला फक्त इंजिन दिसतं. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तोही वाईट संकेत आहे. आयड्राइव्हच्या पडद्यावर 'पुढची सर्व्हिस २० हजार किलोमीटरनंतर' असं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, काहीही न बदलता तो आकडा रिसेट करता येतो.

आता इंजिन. माझी खरी काळजी इथे आहे. या गाडीत एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन, तिचे प्लॅस्टिकचे गाइड आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजले की चेन सैल होते, आणि तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून इंजिन संपतं. बदलायची म्हटलं तर गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन उतरवावं लागतं, म्हणून बिल लाखाच्या पुढे जातं. २०११ पर्यंतच्या इंजिनांत हा दोष जास्त दिसला. २०१२ ची गाडी त्यामानाने बरी, पण तेलाचा इतिहास माहीत नसताना तिलाही सुरक्षित म्हणता येत नाही.

म्हणून इंजिन रात्रभर थंड असतानाच सुरू करून पाहायचं. विकणाऱ्याला आदल्या दिवशी तसं सांगून ठेवा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी पाहूच नका. बॉनेट उघडा ठेवून सेल्फ मारायला सांगा आणि काचेच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या अंगाला कान द्या. डिझेलची टकटक सगळीकडून येते, ती सोडून द्या. चेनचा आवाज मागून येतो, घासल्यासारखा, खरखरीत, आणि १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान जास्त कळतो. तो ऐकू आला तर भाव कितीही उतरवला तरी गाडी घ्यायची नाही. तेलाच्या टोपणाखाली घट्ट काळा गाळ दिसला तरीही नाही. नुसतं तेल काळं असणं मात्र डिझेलमध्ये साहजिक आहे.

गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा आठ स्पीडचा आहे आणि तो खरंच दमदार आहे. पण बीएमडब्ल्यूने त्याचं तेल 'आयुष्यभराचं' म्हटलं, म्हणून बहुतेकांनी ते कधी बदललंच नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगते. ही गाडी त्यापुढे कधीच गेली आहे. या कामात खालचा प्लॅस्टिकचा पॅन बदलावा लागतो, कारण फिल्टर त्यातच बसवलेला असतो. तेल झेडएफच्या मान्यतेचंच हवं, आणि पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांवर असताना तपासायची. एखादा गॅरेजवाला 'कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं' म्हणाला तर गाडी त्याच्याकडे सोडू नका. ट्रायल निदान ४० मिनिटांची घ्या, कारण झटके तेल तापल्यावर येतात. रिव्हर्स किंवा ड्राइव्ह टाकल्यावर गाडी लगेच पकडते का, आणि सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो का, हे बघा. ८० च्या वेगाने ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश गेलेत किंवा ब्रेकच्या डिस्क वाकड्या झाल्यात. आपल्या रस्त्यांवर हे होतंच. तो खर्च भावातून वळता करायचा.

आता तुमच्या वापराबद्दल. आईची मंडई, देऊळ, तुमची बँक, असं तीन-चार किलोमीटरचं फिरणं या डिझेलला सोसत नाही. एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळी साठवतो आणि अधूनमधून ती जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन पूर्ण तापून गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. ते झालं नाही की फिल्टर चोंदतो, आणि जाळण्यासाठी जादा मारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. त्यातच इंजिनचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन तापतच नाही आणि काजळी जळायला सुरुवातच होत नाही. म्हणून स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, हे दोन्ही पाहायला सांगा. आठवड्यातून एकदा हायवेवर जाणं होणार नसेल तर ही गाडी तुमच्या कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलची ५२० आय सुचवली असती, पण २०१५ आधीच्या तिच्या इंजिनातही चेनच्या गाइडचा त्रास आहेच.

ईजीआर कूलरसाठी, म्हणजे इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणाऱ्या भागासाठी, बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये डिझेल गाड्यांचा मोठा रिकॉल काढला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या होत्या. कूलंट आत गळून काजळीत मिसळतं आणि आग लागू शकते. या गाडीचं असं काही काम बाकी आहे का, हे अधिकृत वर्कशॉपला चॅसी नंबर देऊन विचारा. रिकॉलचं काम फुकट असतं.

२०२३ च्या जुलैत यमुनेचं पाणी दिल्लीच्या सखल भागात शिरलं होतं, तेव्हा पाण्यात बुडालेली ही गाडी नाही ना, हेही तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का बघा, कार्पेटखालचा फोम दाबा, डिकीतला तळ उचला. या गाडीची बॅटरी तिथेच असते. तिथे गंज किंवा ओल असेल तर इलेक्ट्रिकचे दोष वर्षभर पाठ सोडणार नाहीत. टायरवरचा चार आकडी कोड आठवडा आणि वर्ष सांगतो. सहा वर्षांपुढचे असतील तर चारही बदलायचे.

कागद बाबा तुम्ही नीट पाहालच. सरकारच्या 'वाहन' या वेबसाइटवर नोंदणी सक्रिय आहे ना, हे आधी बघा. दिल्लीत रद्द झालेली आणि एनओसी न निघालेली गाडी इथे चढणार नाही. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग नाव बदलायला २९ आणि ३०, गाडीवर आधीचं कर्ज असेल तर त्याची नोंद उतरवायला ३५, आणि इथल्या नंबरसाठी २७. महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो कोण भरणार हे आधीच लिहून घ्या. २०२७ मध्ये १५ वर्षं होतील. तेव्हा फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, दोन्ही आलं. विमा नाव बदलल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर घ्यायचा. गाडी १० वर्षांपुढची असल्याने क्लेममध्ये धातूच्या भागांवरही निम्मा घसारा कापतात, हे लक्षात असू द्या.

गाडी तपासून ठीक निघाली तरी पहिल्या महिन्यात ही कामं करायचीच: बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ दर्जाचं सव्वापाच लिटर इंजिन ऑइल, चारही फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल आणि पॅन, पुढचा बेल्ट. बॅटरी बदलली तर ती गाडीच्या सिस्टिममध्ये रजिस्टर करून घ्यायची, नाहीतर चार्जिंग चुकतं. या सगळ्याचा लेखी अंदाज वर्कशॉपकडून घ्या, तो भावातून वजा करा, आणि त्याशिवाय दोन लाख ठेवीत तसेच राहू द्या. तेवढे मागे उरत नसतील तर ही गाडी आपल्याला परवडत नाही.

आई, तू मागच्या सीटवर चार वेळा बसून-उठून बघ. गाडी बसकी आहे, तुझ्या गुडघ्यांना ते जड जातंय का हे तूच ठरव आणि बाबांना स्पष्ट सांग.

पैसे खात्यातूनच द्या, आणि आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत काही रक्कम हातात ठेवा. आरसी आणि बॉनेटखाली कोरलेला चॅसी नंबर, दोन्हींचे फोटो मला पाठवा. ते जुळवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

तुमची,
लेक