तांडेलकाका, पाऊणकी पाठ झाली

तांडेलकाका, सा. न. वि. वि.

डिसेंबरमधल्या त्या संध्याकाळी तुम्ही आमची बोट ओढून आणलीत, त्याचे आभार मी धक्क्यावरच मानले. राहून गेले ते दुसऱ्या दिवसाचे. हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण माझ्यासारख्या नव्याने बोट घेतलेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही.

माझी १८ फुटी फायबरची बोट. विकणाऱ्याने दोन तासांत इंजिन चालू-बंद करायला शिकवलं आणि चावी हातात दिली. गेटवे ते मांडवा अशी रेघ मी फोनवर आखली, भाऊ आणि दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन निघाले. परतताना भाच्याला कुलाब्याच्या टोकाजवळचं प्रॉन्ग्सचं दीपगृह जवळून दाखवायला वळले आणि इंजिनाच्या पंख्यात मासेमारीच्या जाळ्याचा दोर गुंडाळला. इंजिन बंद, सहा वाजलेले, अंधार पडत आलेला. नांगर टाकला, पण दोर अपुरा. बोट सरळ बाहेर समुद्राकडे निघाली होती. तेवढ्यात तुमची होडी दिसली.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात तुमच्या ओटीवर आले. ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलंत आणि विचारलंत, "काल तिथी कुठली होती?" मला सांगता येईना. "चतुर्थी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येते? तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. चार पाऊणे तीन. म्हणजे भरती तीनला. तू मांडव्याहून निघालीस साडेपाचला, ऐन सुकतीच्या, म्हणजे उतरत्या पाण्याच्या, ओढीत."

मग खडूने फरशीवर सहा तासांची सहा घरं काढलीत. पाण्याचे बारा भाग धरायचे. पहिल्या तासात एक उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. तिसऱ्या आणि चौथ्या घराखाली तुम्ही खडू इतका दाबलात की तो मोडला. मुंबईच्या उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. त्यातलं निम्मं या दोन तासांत. वर दुपारनंतरचा वायव्येचा वारा. बाहेर धावणाऱ्या पाण्यावर तो चढला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. माझ्या फोनवरच्या रेघेत यातलं काहीच नव्हतं.

त्याच चतुर्थीला तुम्ही काय केलं असतं, तेही सांगितलंत. सकाळी सातला निघायचं: जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका, सुकती आपणच बाहेर नेते. नऊच्या ओहोटीला खडक उघडे पडतात, ते डोळ्यांनी बघून घ्यायचे. साडेअकराला परत फिरायचं, चढतं पाणी पाठीशी आणि वारा अजून उठायचाय. एका वेळापत्रकात सगळं बसलं. खांदेरीच्या बेटावरच्या किल्ल्याला जायचं म्हटल्यावर तुम्ही १६७९ सालची गोष्ट काढलीत: इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बाहेर, आणि शिवाजी महाराजांच्या लहान होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर सामान पोचवताहेत. पाणी ओळखीचं होतं म्हणून, म्हणालात. माझ्यासाठी मात्र शेजारच्या उंदेरी बेटाच्या आसपासची खडकाळ बाजू अजून बंद, हेही बजावलंत.

बाकीचं मी लिहून ठेवलंय. इंधनाचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट. मोठ्या जहाजांचा मार्ग काटकोनात आणि झटपट ओलांडायचा, कारण त्यांना आपल्यासाठी थांबता येत नाही. तेलाच्या जहाजांचा धक्का असलेल्या जवाहर द्वीपापासून लांब. लाइफ जॅकेट अंगात, पेटीत नाही. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर, तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये. कुठे जातोय, कधी परत येणार, हे घरी कागदावर.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ज्याचं जाळं मी तोडलं त्या घरी मात्र मला स्वतः नेलंत, आणि भरपाई कशी द्यायची ते ठरवून दिलंत. त्या घरच्या आजींनी चहा दिला, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आता येत्या दशमीचं. दहा पाऊणे साडेसात, म्हणजे भरती सकाळी साडेसातला. मांडव्याला गेले तर परतताना वारा आणि सुकती दोन्ही समोर येतील, म्हणून तिकडे जात नाही. सातला गेटवेहून घारापुरीकडे, बंदराच्या आतच. दहाला निघून उतरत्या पाण्याबरोबर घरी. भाचाही येतोय. कुठे चुकत असेन तर निघायच्या आधी फोन करा.

तुमची,
कुलाब्याची ती फायबरवाली