विकत घेतलेला गेम कोणाचा?

महोदय,

लॅमिंग्टन रोडवरून मुलासाठी गेमची डीव्हीडी पावतीसकट घेतली होती. परवा त्याने ती हौसेने लॅपटॉपवर चढवली, तर पडद्यावर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढंच! सुरू होण्याआधी हा गेम कंपनीच्या सर्व्हरकडून कोड तपासून घेतो, आणि ते सर्व्हर कंपनीने कधीच बंद केलेत. डीव्हीडीवर ओरखडा नाही, खोक्यात आतून चिकटवलेला कोडही शाबूत आहे. अशा गेमचं कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी ही तपासणी, तोडणारा चोर कसा?

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची ही अट मला फार मोलाची वाटते; अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात ती नाही, तिथे कुलूप तोडण्याच्या सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. पण सामान्य ग्राहकाने क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारा प्रोग्राम, आणायचा कुठून? व्हायरसने भरलेल्या साइटवरून?

नवाकोरा गेम फुकट उतरवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. माझा भाचा अंधेरीत गेम बनवतो, त्याची रात्र-रात्र जागरणं मी पाहिली आहेत. मात्र सर्व्हर बंद करताना कुलूप काढणारा शेवटचा अपडेट देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करावं.

– एक पालक, परळ, मुंबई